डोके पडले का?

पट्टकृमीच्या रुग्णाला औषध दिल्यावर डॉक्टर पूर्वी एक किळसवाणे पण अटळ काम करायला लावत. शौचातून पडलेला कृमी पाण्यात धुऊन घ्यायचा आणि त्यात डोके आहे की नाही ते शोधायचे. माणसाच्या आतड्यात राहणारा हा चपटा कृमी चार-पाच मीटर लांब, कधी त्याहूनही लांब असतो, पण डोके टाचणीच्या माथ्याएवढे. मीटर-दोन मीटर पट्टा पडला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकण्यात अर्थ नसे. डोके आणि त्याच्यामागची बारीक मान आतड्याच्या भिंतीला धरून राहिली, तर दोन-तीन महिन्यांत पट्टा पुन्हा वाढे आणि तुकडे पुन्हा पडू लागत. उलट डोके-मान नसलेला तुकडा कितीही लांब असला, तरी त्यातून नवे डोके फुटल्याचे कोणी पाहिले नाही. पळसपापडी आणि वावडिंग देणारे आपल्याकडचे वैद्य असोत की नेच्याचा अर्क पाजणारे युरोपातले डॉक्टर, जंत मूळ धरून राहता कामा नये, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणूनच औषधामागोमाग जुलाब देण्याची रीत दोन्हीकडे होती.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न माणसापेक्षा जनावरांत जास्त ओळखीचा आहे. अंबड, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद या भागांतल्या शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांवर भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसले, की मेंढपाळ जंत झाल्याचे ओळखतो आणि जंताचे औषध पाजतो. ती शिते म्हणजे मोनिझिया किंवा त्याच्या भाईबंद पट्टकृमींचे पिकलेले खंड, अंड्यांनी भरलेले. रोज खंड गळतात, रोज नवे तयार होतात, आणि नव्यांचा उगम एकाच जागी असतो : मानेत. त्याच जिल्ह्यातला दहावीचा विद्यार्थी विज्ञानाच्या पुस्तकात प्लॅनेरिया नावाच्या दुसऱ्या चपट्या कृमीची आकृती पाहतो. त्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा नवा कृमी होतो, असे तो शिकतो, आणि या क्रियेला पुनर्जनन म्हणतात हेही शिकतो. हे दोन्ही कृमी एकाच संघातले, एकाच घराण्यातले म्हणावेत इतके जवळचे. मग एकाच्या इवल्याशा तुकड्यातून अख्खा प्राणी उभा राहतो आणि दुसऱ्याच्या चार मीटर लांब धडाला टाचणीएवढे डोके घडवता येत नाही, हे कसे?

याचे प्रचलित उत्तर एका शब्दाचे आहे : मूलपेशी. प्लॅनेरियाच्या अंगभर कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशी असतात, म्हणून तो पुन्हा घडतो. हे उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे, असे माझे म्हणणे आहे. उरलेले अर्धे उत्तर जागेत आहे. पेशी कुठे आहे आणि त्या जागी तिच्या शेजारच्या पेशी तिला काय सांगत आहेत, यावर सारे ठरते. चपट्या कृमींच्या संशोधनाचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर या दोन अर्ध्या उत्तरांचे दोन वेगळे प्रवाह दिसतात. शंभर वर्षे ते एकमेकांशी भांडत वाहिले आणि अगदी अलीकडे, उंदराच्या आतड्यातल्या एका पट्टकृमीत, एकत्र आले. मराठवाड्यात याच कृमींवर आयुष्ये घालवलेल्या प्राणिशास्त्रज्ञांचा एक तिसरा प्रवाहही होता. त्याची दखल या इतिहासात सहसा घेतली जात नाही.

सुरुवात सुरीने झाली. १७४० मध्ये हेगजवळ अब्राहम ट्रेंबली यांनी हायड्रा नावाचा गोड्या पाण्यातला प्राणी कापला आणि त्याचे दोन प्राणी झाले. प्राणी ही अखंड वस्तू आहे, वनस्पतीसारखी कलम करून वाढवता येणारी नव्हे, या समजुतीला तो मोठा धक्का होता. पुढे १७६६ मध्ये पेटर सिमोन पालास यांनी चपट्या कृमींतही हाच चमत्कार नोंदवला. एडिंबरोच्या जॉन डॅलिएल यांनी १८१४ मध्ये प्लॅनेरियावर आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. या साऱ्यांना तुकडा वाढतो हे दिसले होते. तो का वाढतो, हे विचारण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

ते विचारण्याची पद्धत टॉमस हंट मॉर्गन यांनी आणली. हेच मॉर्गन पुढे फळमाशीवरील कामासाठी १९३३ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले, पण त्याआधी त्यांचा जीव पुनर्जननात गुंतलेला होता. १८९८ मध्ये त्यांनी प्लॅनेरियाचे पद्धतशीर तुकडे केले आणि मूळ शरीराच्या २७९ व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी होतो असे नोंदवले. हा आकडा तेव्हापासून प्रत्येक लेखात येतो. मला मात्र त्याच प्रयोगांतल्या अपयशाच्या नोंदी अधिक मोलाच्या वाटतात. डोळ्यांच्या पुढचा, डोक्याच्या अगदी टोकाचा तुकडा कापला तर तो वाढत नाही. घसा एकटा वेगळा काढला तर तोही वाढत नाही. आणि फार आखूड आडवे तुकडे घेतले तर कधी कधी दोन्ही टोकांना डोकी येतात, शेपटी नाहीच. पहिल्या दोन नोंदी सांगतात की वाढीला लागणारे काहीतरी शरीरात सगळीकडे नाही. तिसरी याहून मोठी गोष्ट सांगते : वाढीला लागणारे सारे हजर असूनही काय वाढवायचे याचा निर्णय चुकू शकतो. साहित्य आणि आराखडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढच्या शतकाचे सगळे भांडण या तीन नोंदींत आधीच लिहिलेले होते.

साहित्याचा शोध आधी लागला. हॅरिएट रँडॉल्फ यांनी १८९२ मध्ये एका गोड्या पाण्यातल्या वलयी कृमीत तुटलेली शेपटी वाढताना मोठ्या केंद्रकाच्या, न घडलेल्या पेशी पाहिल्या आणि त्यांना निओब्लास्ट असे नाव दिले. प्लॅनेरियातल्या तशाच पेशींनाही पुढे हेच नाव चिकटले. पेशी दिसल्या, पण त्या खरोखर काम करतात की केवळ जखमेजवळ गर्दी करतात, हे कसे ठरवायचे? योगायोगाने त्याच दशकात क्ष-किरण सापडले होते. १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या चार्ल्स बार्डीन आणि फ्रेडरिक बेटजर यांनी प्लॅनेरियावर क्ष-किरणांचा मारा केला. कृमी जगत राहिले, हलत राहिले, पण तुटलेला भाग भरून काढण्याची ताकद त्यांच्यातून गेली. विभागणाऱ्या पेशी किरणांनी आधी मरतात, म्हणून वाढ खुंटते, असा त्याचा अर्थ. या किरणांची धार माणसालाही तेवढीच लागते, हे तेव्हा पुरते उमगले नव्हते. बेटजर यांनी पुढे त्यांच्यापायी हाताची बोटे गमावली.

निर्णायक वाटणारा प्रयोग १९४९ मध्ये फ्रान्समध्ये, एत्येन वोल्फ यांच्या सहकारी फ्रान्स्वाज द्युब्वा यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी कृमीचा एक भाग शिशाने झाकला, उरलेल्यावर किरण सोडले आणि मग किरणांनी निकामी झालेल्या भागातच काप घेतला. जखम लगेच भरली नाही, पण भरली. झाकलेला भाग जखमेपासून जितका दूर, तितका उशीर जास्त. म्हणजे झाकणाखाली वाचलेल्या पेशी मेलेल्या प्रदेशातून वाट काढत जखमेपर्यंत चालत गेल्या होत्या. पेशींचा प्रवास घड्याळाने मोजता येतो, इतकी साधी आणि देखणी ही मांडणी होती. तरीही वाद मिटला नाही. इटलीत पिसा येथे व्हित्तोरिओ ग्रेमिन्यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुणसूत्रांच्या संख्येवरून माग काढत दाखवले, की पुनर्जननात जननपेशींचाही वाटा असू शकतो. मग निओब्लास्ट ही खरी मूलपेशी की कोणतीही घडलेली पेशी गरज पडली की मागे फिरून कोरी होते? हा आक्षेप तर्काला धरून होता, आणि १९४९ च्या प्रयोगाने त्याला पुरते उत्तर मिळत नव्हते. झाकलेल्या भागात निओब्लास्टबरोबर बाकी सगळ्या पेशीही वाचलेल्या होत्याच.

युरोपात हा वाद चालू होता त्या वर्षांत मराठवाडा कुठे होता? १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात, आणि उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठायचे. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. पुढे स्वतंत्र जिल्हा झालेला जालन्याचा सारा प्रदेश त्याच्या कार्यक्षेत्रात होता. या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जी. बी. शिंदे यांनी पट्टकृमींच्या वर्गीकरणाची परंपरा रुजवली. १९६० च्या दशकापासून पुढे शिंदे, बी. व्ही. जाधव आणि त्यांचे विद्यार्थी मराठवाड्यातल्या कोंबड्या, कबुतरे, शेळ्या-मेंढ्या आणि नद्यांतले मासे उघडून त्यांच्या आतड्यांतले पट्टकृमी नोंदवत राहिले. मराठी माणसाला हे क्षेत्र नवे नव्हते. नागपूरच्या एम. ए. मोघे यांनी १९२५ मध्येच मांगूर माशातला एक चपटा कृमी शास्त्राला नवा म्हणून नोंदवला होता आणि १९३३ मध्ये पक्ष्यांतले आणखी चार. पण औरंगाबादेत ते एका माणसाचे काम न राहता एक घराणे झाले. नावे पाहिली तरी भूगोल कळतो : औरंगाबादेन्सिस, पैठणेन्सिस, गोदावरी, मराठवाडेन्सिस. पैठणच्या गोदावरीतल्या वाम माशातून काढलेल्या सेंगा वंशाच्या कृमीला १९८१ मध्ये पैठणचे नाव मिळाले. त्याच वर्षी १ मे रोजी जालना वेगळा जिल्हा झाला. पैठणहून पुढे निघालेली तीच गोदावरी अंबड आणि घनसावंगी तालुक्यांची दक्षिण सीमा धरून वाहते, आणि वाम मासा तालुक्याची हद्द पाळत नाही.

या कामाची रीत ठरलेली होती. खाटकाकडून आणलेले आतडे किंवा बाजारातला मासा चिरायचा, कृमी अलगद सोडवायचा, कारण ओढला तर डोके आतड्यातच राहते आणि डोक्याशिवाय ओळख पटत नाही. मग तो काचेच्या दोन पट्ट्यांत चपटा करून फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, हिमॅटॉक्सिलिनने रंगवायचा, अल्कोहोलच्या वाढत्या तीव्रतेतून पाणी काढायचे, पट्टीवर बसवायचा आणि कॅमेरा ल्युसिडाच्या मदतीने त्याची रेषाकृती काढायची. वर्णनाचा क्रमही ठरलेला : डोके, त्यावरचे आकडे व चूषके, मग मान आहे की नाही, असल्यास आखूड की लांब, मग पक्व खंड, वृषणांची संख्या, अंडाशयाचा आकार. हा क्रम वाचताना माझे लक्ष मानेवरच थांबते. शिंदे-जाधव परंपरेला पुनर्जननाचा प्रश्न विचारायचा नव्हता. कोणता कृमी कोणत्या जातीचा, एवढेच त्यांना हवे होते. पण शेकडो वर्णनांत मानेची नोंद स्वतंत्रपणे करत त्यांनी शरीराच्या नेमक्या त्या जागेवर बोट ठेवले होते, जिथून पट्टकृमी जन्मभर स्वतःला घडवत राहतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. मराठवाड्यासह भारतभर झालेल्या या वर्गीकरणाच्या मोठ्या भागावर पुढच्या शास्त्रज्ञांनी कात्री चालवली. रोमान कुख्ता आणि तोमाश श्चोल्झ यांच्या फेरतपासणीत वाम माशातल्या कृमींचा एक अख्खा वंश, सर्कमऑन्कोबॉथ्रियम, सेंगामध्येच विलीन झाला. मांगूर माशातल्या बिनखंडी पट्टकृमींची २०११ मध्ये अनिर्बान अॅश, श्चोल्झ आणि सहकाऱ्यांनी छाननी केली तेव्हा वर्णिलेल्या ५९ जातींपैकी आठच टिकल्या. मग ज्या कामातली इतकी नावे रद्द ठरली, त्याला इतिहासात जागा का द्यायची? माझे उत्तर असे. रद्द झाली ती नावे. नोंदवलेला मासा, नदी, ऋतू आणि कृमीचे असणे रद्द झालेले नाही. आणि नावे इतकी का वाढली, याचे एक कारण या लेखाच्या विषयातच दडले आहे. चपट्या कृमीचे शरीर स्थिर माप देत नाही. उपाशी ठेवलेला प्लॅनेरिया मरण्याऐवजी आकसतो, प्रमाण कायम ठेवून लहान होतो आणि खायला मिळाले की पुन्हा वाढतो. एकाच आतड्यात पट्टकृमींची गर्दी झाली तर प्रत्येकजण लहान राहतो. एकाच कृमीच्या पुढच्या खंडात आणि मागच्या खंडात कोवळ्या-पिकल्याचे अंतर असते. कृमी मरताना आवळला की सैल पडला, यावरही लांबी-रुंदी बदलते. सतत नव्याने घडणाऱ्या शरीराला एका क्षणी गोठवून त्याच्या मापांवर जात ठरवली, तर जाती वाढणारच. साधने तोकडी असलेल्या काळातली ही चूक समजण्यासारखी आहे. ती केवळ औरंगाबादेत झाली असेही नाही.

दरम्यान पहिला प्रवाह आपल्या निकालाकडे निघाला होता. १९८९ मध्ये बार्सिलोनात जाउमे बागुन्या आणि सहकाऱ्यांनी निओब्लास्ट बाकी पेशींपासून वेगळ्या गाळून काढल्या आणि किरणांनी निकामी केलेल्या प्लॅनेरियात टोचल्या. कृमी सावरले. घडलेल्या पेशी टोचल्या तेव्हा सावरले नाहीत. ज्या आक्षेपाला १९४९ चा प्रयोग उत्तर देऊ शकला नव्हता, त्याला हे पहिले थेट उत्तर होते. तरी टोचलेल्या घोळक्यात एकाहून अधिक प्रकारच्या पेशी असतील, ही शंका उरलीच. मग आलेहान्द्रो सांचेस आल्व्हारादो आणि फिलिप न्यूमार्क यांनी बार्सिलोनातल्याच एका कारंज्यातून आणलेली श्मिड्टिया मेडिटेरेनिया ही जात प्रयोगशाळेत रुजवली. १९९९ मध्ये आरएनएच्या साहाय्याने प्लॅनेरियाचे एकेक जनुक गप्प करण्याची पद्धत त्यांनी दाखवली, २००० मध्ये विभागणाऱ्या निओब्लास्टवर खूण करून त्यांचा माग काढला. शेवटचा शब्द आला २०११ मध्ये. पीटर रेडियन यांच्या प्रयोगशाळेत डॅनियल वॅग्नर आणि इरविंग वांग यांनी मारक किरण दिलेल्या कृमीत एक, फक्त एक, निओब्लास्ट टोचली. काही कृमी त्या एका पेशीच्या बळावर वाचले. त्यांच्या शरीरातल्या मरणाऱ्या पेशींची जागा हळूहळू त्याच पेशीच्या वंशाने घेतली आणि अखेर तो कृमी जनुकांच्या हिशेबाने दात्याचाच झाला. रँडॉल्फ यांनी नाव दिल्यापासून पुरावा मिळेपर्यंत ११९ वर्षे गेली. काही निओब्लास्ट तरी एकेकट्या संपूर्ण प्राणी घडवू शकतात, हे त्यानंतर वादातीत झाले.

इथे पुष्कळ लेख थांबतात. पण मॉर्गन यांची तिसरी नोंद, दोन डोक्यांच्या तुकड्याची, अजून तशीच उभी आहे. त्या तुकड्यात निओब्लास्टची वाण नव्हती. चूक झाली ती कुठे काय घडवायचे यात. जागेचा हा प्रश्न शिकागोच्या चार्ल्स मॅनिंग चाइल्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हट्टाने लावून धरला. डोक्याकडून शेपटीकडे शरीरात कसलातरी उतार असतो आणि तुकडा त्या उतारावरून आपली दिशा ओळखतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यावर टीका झाली ती अशी की हा उतार कशाचा, हे सांगता येत नसेल तर तो शब्द म्हणजे अज्ञानाला दिलेले नाव. टीका योग्यच होती. जागा, उतार, दिशा हे शब्द हवेतले राहिले असते, तर माझा युक्तिवादही हवेतच राहिला असता.

तसे झाले नाही. २००८ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले, की बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचे जनुक गप्प केले तर शेपटी कापलेल्या जागीही डोके येते. शेपटीची ओळख राखणारा संदेश व्हिंट नावाच्या प्रथिनांमार्फत जातो, तो तोडला की निओब्लास्ट प्रत्येक जखमेला डोक्याची जागा समजतात. उतार कशाचा, याला आता रेणूंची नावे मिळाली. २०१३ मध्ये रेडियन यांच्याच प्रयोगशाळेतून कळले, की हे जागेचे संदेश मोठ्या प्रमाणात स्नायूंच्या पेशींतून येतात. म्हणजे जो स्नायू कृमीला सरपटवतो, तोच मूलपेशींना पत्ताही सांगतो. आणि त्याच वर्षी सर्वांत भक्कम साक्ष मिळाली. काही प्लॅनेरिया जातींत धडाच्या मागच्या भागातून डोके उगवत नाही. डेंड्रोसीलम लॅक्टियम ही त्यांतली एक, आणि तिची ही मर्यादा १९०१ मध्येच फ्रँक लिली यांनी नोंदवली होती. या जातींत निओब्लास्ट नाहीत असे नाही, भरपूर आहेत. जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी तीन वेगळ्या जातींत बीटा-कॅटेनिन दाबले आणि शतकभर न उगवलेली डोकी त्या मागच्या तुकड्यांना उगवली. एकही नवी मूलपेशी बाहेरून घातलेली नव्हती. बदलला तो फक्त संदेश.

आता पट्टकृमीकडे परत येऊ. उंदरात राहणाऱ्या हायमेनोलेपिस डिमिन्युटा या पट्टकृमीवर अमेरिकेत फार पूर्वीपासून काम होत होते. क्लार्क रीड यांनी १९६७ मध्ये सांगितले, की एकाच कृमीला एका उंदरातून काढून, मागचा भाग छाटून, दुसऱ्या उंदरात ठेवत त्यांनी १४ वर्षे जगवले. उंदीर इतका जगत नाही. जंत न मरण्याचे कारण प्रत्येक वेळी राखलेले डोके आणि मान. पण का, याचे उत्तर २०१९ मध्ये न्यूमार्क यांच्या प्रयोगशाळेत तानिया रोझारिओ आणि सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी कृमीचे वेगवेगळे तुकडे करून ते शस्त्रक्रियेने उंदरांच्या आतड्यात ठेवले. मान असलेल्या तुकड्याने नवे खंड घडवले. मान नसलेल्या धडाने घडवले नाहीत. नुसत्या मानेनेही काही काळ खंड घडवले, पण डोके कोणीच घडवले नाही. आणि डोके नसलेली मान पुन्हा पुन्हा छाटत गेले की ती आपली ताकद गमावून बसते. डोके असेल तर मान टिकते.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, की मग मूलपेशी मानेतच असणार, जागेचे इतके कौतुक कशाला. नेमकी हीच शंका त्या संशोधकांनी तपासली. विभागणाऱ्या पेशी मानेपुरत्या नव्हत्या, त्या शरीरभर होत्या. मग त्यांनी मारक किरण दिलेल्या कृमीच्या मानेत निरोगी कृमीच्या पेशी टोचल्या. मानेतल्या पेशींनी कृमी वाचला, आणि मागच्या धडातल्या, म्हणजे एरवी एकही नवा खंड न घडवणाऱ्या भागातल्या पेशींनीही वाचला. धडात होत्या तोवर निष्क्रिय ठरलेल्या पेशी मानेत येताच कामाला लागल्या. पेशी त्याच, पत्ता बदलला. मूलपेशी आणि जागा यांचे शतकाचे भांडण इतक्या स्वच्छपणे मिटवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही, आणि तो प्लॅनेरियात होऊ शकला नसता. प्लॅनेरियाची अंगभर चालणारी ताकद जागेचे महत्त्व झाकून टाकते. पट्टकृमीची मर्यादा ते उघडे करते.

परजीवी म्हणजे आळसावलेला, झिजलेला प्राणी, त्याच्यावरून मुक्त प्राण्याविषयी काय कळणार, असा जुना आक्षेप इथे घेतला जाऊ शकतो. पण परजीवी चपटे कृमी झिजलेले नाहीत, हे त्यांच्या टिकण्यावरूनच दिसते. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी शिस्टोसोमा या परजीवी चपट्या कृमीमुळे होणाऱ्या मूत्रमार्गाच्या रोगाचे स्थानिक केंद्र शोधून काढले. त्याच वंशाचा कृमी माणसाच्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो, आणि आपल्या शरीराचे रक्षण करणाऱ्या संरक्षक पेशींच्या पुढ्यात राहतो. त्याला हे कसे जमते, याचा एक धागा २०१३ मध्ये सापडला. शिस्टोसोमाच्या प्रौढ शरीरातही निओब्लास्टसारख्या मूलपेशी आहेत, आणि त्या त्याचे शरीर आतून सतत नव्याने भरत राहतात. प्लॅनेरियाचे हे घराणे परजीवी झाल्यावर पुनर्जननाची ताकद विसरलेले नाही. त्याने ती वेगळ्या कामाला लावली आहे.

याचा औषधाशी संबंध उघड आहे, पण तो फुगवून सांगण्याची गरज नाही. प्राझिक्वान्टेल हे जंताचे औषध कृमीच्या मूलपेशींवर नेम धरून बनवलेले नव्हे, आणि मानेचा संदेश तोडणारे औषध अजून मेंढपाळाच्या हाती आलेले नाही. घनसावंगीत शेळीला औषध पाजताना आजही प्रश्न जुनाच असतो, डोके सुटले की नाही. फरक इतकाच, की त्या प्रश्नामागचे कारण आता सांगता येते. मागच्या शेकडो खंडांत मूलपेशी भरल्या आहेत, पण मानेबाहेर त्यांना काम सांगणारे कोणी नाही.

हिमॅटॉक्सिलिन पेशींचे केंद्रक रंगवते. मूलपेशीत केंद्रक मोठे आणि भोवतालचा द्रव अगदी थोडा, म्हणून अशा पेशींची दाटी झालेला पट्टा निळसर-जांभळा, गडद दिसायला हवा. औरंगाबादेत साठ-सत्तरच्या दशकांत काचेवर बसवलेल्या पट्टकृमींपैकी ज्यांची मान शाबूत राहिली, त्यांच्या डोक्यामागे तो रंग आजही असेल, आणि शेजारी चिकटवलेल्या कागदावर मासा, नदी आणि तारीख.